एकट्याने, चार ट्रॅकवर: नाशकात घरच्या घरी टेपवरचा अल्बम

जुन्या स्पूल टेप रेकॉर्डरवर ‘फोर ट्रॅक’ असं लिहिलेलं दिसलं की लगेच पैसे काढू नका. घरगुती मशीनवर त्या शब्दांचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की दोन ट्रॅक या बाजूने आणि रीळ उलटून लावल्यावर दोन त्या बाजूने. गाणी ऐकायला ते उत्तम. पण एकट्यानेच आधी पेटी, मग ढोलकी, मग गिटार, मग आवाज असं एकावर एक चढवायचं असेल, तर चारही ट्रॅक एकाच दिशेने चालणारे आणि प्रत्येक ट्रॅक स्वतंत्र रेकॉर्ड होणारा हवा. टेप ज्यांच्यावरून घासत जाते त्या हेडवरचं झाकण काढून भिंगाने बघा. रेकॉर्ड हेडच्या तोंडावर एकाखाली एक चार चौकोनी ठिपके दिसले तर मशीन कामाचं. दोनच दिसले तर ते स्टिरिओ आहे, मग विकणारा काहीही सांगो.

दुसरी परीक्षा ‘सिंक’ची. तीन हेडच्या मशीनमध्ये टेप आधी पुसणाऱ्या, मग रेकॉर्ड करणाऱ्या आणि शेवटी वाजवणाऱ्या हेडवरून जाते. शेवटच्या दोन हेडमध्ये ४ सेमी अंतर आहे आणि टेप सेकंदाला १९ सेमी धावते आहे असं धरा. प्ले हेडवरून ऐकत वाजवलेला नवा ट्रॅक जुन्याच्या ०.२ सेकंद मागे पडणार. द्रुत लयीत एवढ्यात सम निघून जाते. म्हणून आधीचे ट्रॅक रेकॉर्ड हेडवरूनच ऐकवायची सोय लागते. अँपेक्स कंपनीने १९५७ साली अमेरिकन गिटारवादक लेस पॉलला दिलेलं आठ ट्रॅकचं मशीन याच युक्तीवर चालायचं; टीअ‍ॅक ए-३३४०एसवर तीच सोय ‘सिम्युल-सिंक’ या नावाने आहे. सिंकमध्ये आवाज कांबळ्याआडून आल्यासारखा येतो, कारण रेकॉर्ड हेडची फट वाजवण्यासाठी बनवलेली नसते. त्यावरून मायक्रोफोन हलवत बसू नका. निवाडा करायचा तो टेप मागे नेऊन, प्ले हेडवर ऐकून.

स्पूल परवडत नसेल तर कॅसेटवरचं चार ट्रॅकचं मशीन घ्या. १९७९ चं टास्कॅम १४४ हे त्या जातीतलं पहिलं. त्यात ३.८१ मिमी रुंदीच्या कॅसेटवर चारही ट्रॅक एकाच दिशेने आणि नेहमीच्या दुप्पट, म्हणजे सेकंदाला ९.५ सेमी वेगाने घेतले जातात. त्यामुळे सी-६० कॅसेट फक्त १५ मिनिटं पुरते. क्रोम टेप घ्या आणि सी-६० च्या वर जाऊ नका. सी-९० ची टेप १२ मायक्रॉनच्या आसपास असते, पंधरा-वीसदा मागेपुढे केली की ताणते आणि पेटीचा सूर थरथरतो. पुढचं बहुतेक सगळं दोन्ही मशीनना लागू आहे.

अमेरिकेतून कुणी आणलेलं मशीन असेल तर मागची पट्टी वाचा. ‘११० व्होल्ट, ६० हर्ट्झ’ असेल आणि मोटर सिंक्रोनस, म्हणजे विजेच्या हर्ट्झच्या तालावर फिरणारी असेल, तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावून काम भागत नाही. आपल्याकडच्या ५० हर्ट्झवर ती मोटर सहाच्या जागी पाचच पावलं टाकते, म्हणजे वेग जवळजवळ १७ टक्के कमी. पुली बदलावी लागते, काही मशीनमध्ये वायरिंगही. डीसी सर्व्हो मोटर असेल तर ही भानगड नाही.

मुंबईचा चोरबाजार आणि पुण्याचा जुना बाजार ही मशीन शोधायची ठिकाणं. किरकोळ सुटे भाग नाशकात महात्मा गांधी रोडच्या आसपास मिळतात. ट्रान्सफॉर्मर, व्हॉल्व्हचे बेस, जास्त व्होल्टेजचे कपॅसिटर यांसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड. सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून दादरला उतरा, पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड गाठा, पुढे चालत. यादी लिहून न्या आणि प्रत्येक गोष्ट दोन नग घ्या. एका कपॅसिटरसाठी दुसरी फेरी मारणं परवडत नाही.

मशीन घरी आलं की थेट प्लगात घालू नका

वर्षानुवर्षं बंद असलेल्या मशीनला आधी सिरीज बोर्डावर (वीज बल्बमधून जाऊन मगच मशीनला मिळते असा बोर्ड) लावा, ६० वॅटच्या फिलामेंटच्या पिवळ्या बल्बसकट. एलईडी दिवा इथे कामाचा नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. पूर्ण प्रकाशात पेटून राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. सगळ्यात आधी जळतो तो मेन्सच्या तारांवर लावलेला कागदी सप्रेसर कपॅसिटर. त्याचं पारदर्शक कवच तडकलेलं असतं, आत दमट हवा गेलेली असते, आणि मशीन सुरू केल्यावर दहा मिनिटांनी घरभर धूर होतो. तो काढून ‘एक्स-२’ शिक्क्याचा तेवढ्याच मायक्रोफॅरडचा नवा टाका. पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरही याच वेळी बदला, नाहीतर १०० हर्ट्झची घरघर प्रत्येक ट्रॅकवर बसेल.

बेल्ट चिकट किंवा कडक झाला असेल तर बदला. नवा बेल्ट मोजताना सुतळी पुलींभोवती फिरवून लांबी घ्या आणि त्यातून ५ टक्के वजा करा. टेप दाबून पुढे ओढणाऱ्या पिंच रोलरचं रबर चकाकत असेल तर ते टेप नीट धरत नाही. साबणाच्या पाण्याने पुसून बघा, कडक झालं असेल तर नवंच लागतं. हेड आणि धातूची वाट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कापसावर तपकिरी रंग यायचा थांबेपर्यंत. हेच अल्कोहोल रबरावर वापरू नका. दर वीस-पंचवीस तासांच्या वापरानंतर हेड डीमॅग्नेटाइझ करा. मशीन बंद, टेपा दुसऱ्या खोलीत. डीमॅग्नेटायझर हातभर लांब सुरू करायचा, हळू जवळ आणायचा, हळूच लांब न्यायचा आणि लांब गेल्यावरच बंद करायचा. जवळ असताना बंद झाला तर हेड आधीपेक्षा जास्त चुंबकीय होतं.

वेग तपासायला महागडी टेस्ट टेप लागत नाही. टाकाऊ टेपवर मेणाच्या पेन्सिलीने दोन खुणा करा, बरोबर ११ मीटर ४३ सेमी अंतरावर. १९ च्या वेगाला पहिली खूण हेडवरून गेल्यापासून दुसरी जाईपर्यंत ६० सेकंद लागले पाहिजेत. ०.६ सेकंदाचा फरक म्हणजे १ टक्का, आणि १ टक्का म्हणजे १७ सेंट. एवढा फरक पेटीबरोबर गाताना कानाला टोचतो. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत सकाळी पारा १० अंशांखाली जातो, तेव्हा बेअरिंगमधलं ग्रीस घट्ट असतं आणि मशीन मंद चालतं. अर्धा तास रिकामं फिरवून मगच वेग मोजा.

टेप, ओल आणि बायस

नवी टेप आजही बनते. फ्रान्समध्ये रेकॉर्डिंग द मास्टर्स, अमेरिकेत एटीआर मॅग्नेटिक्स. एलपीआर ३५ ही पातळ टेप ७ इंची रिळावर १८०० फूट बसते, १९ च्या वेगाला ४८ मिनिटं आणि ३८ ला २४. जुन्या वापरलेल्या टेपा स्वस्त पडतात, पण सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतरच्या काही टेपांचा, विशेषतः अँपेक्स ४०६ आणि ४५६ चा, मसाला धरून ठेवणारा डिंक हवेतली ओल शोषून चिकट होतो. अशी टेप हेडवर कर्कश किंचाळते आणि तपकिरी चिखल सोडते. ५० ते ५४ अंशांना आठ तास सुकवून ती तात्पुरती चालते, तेवढ्यात आतलं उतरवून घ्यायचं. नव्या अल्बमसाठी ती वापरणं म्हणजे विकतचं दुखणं. आणि रीळ दिव्यासमोर धरल्यावर बाजूने उजेड पार होत असेल तर ती अ‍ॅसिटेटची टेप; तिला कधीही तापवू नका.

पावसाळ्यात टेपा घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात निळ्या सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा. दाणे गुलाबी झाले की ११०–१२० अंशांना दोन तास तापवून परत निळे करायचे. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आत राहिली की बस. रेकॉर्डिंग मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकावं. हवा कोरडी, पंखा बंद ठेवता येतो आणि ढोलपथकांचे सराव नसतात. गणपतीआधीच्या आठवड्यांत संध्याकाळी नाशिक ढोलाचा ठोका चार गल्ल्या ओलांडून खोलीत येतो, आणि तो कुठल्याही फोमने अडत नाही.

टेप बदलली की बायस, म्हणजे रेकॉर्ड करताना आवाजात मिसळला जाणारा, कानाला न ऐकू येणारा उंच सुराचा प्रवाह, नव्याने लावायचा. हे टाळलं तर पुढचं सगळं फुकट. १० किलोहर्ट्झचा सूर (मोबाइलमधल्या टोन जनरेटरचा चालतो, शुद्धतावाद्यांनी खुशाल नाक मुरडावं) शून्यापेक्षा २० डीबी खाली मशीनला द्या, रेकॉर्ड करत असतानाच प्ले हेडचं मीटर बघा. बायसचा स्क्रू वाढवत न्या. आवाज वाढत जाईल, शिखर गाठेल आणि उतरू लागेल. उतरायला लागल्यावर थांबायचं नाही: ३८ च्या वेगाला शिखरापासून साधारण ३ डीबी, १९ ला ५-६ डीबी खाली आल्यावर थांबायचं. टेपच्या माहितीपत्रकात वेगळा आकडा असेल तर तो खरा. बायस कमी पडला तर वरचे सूर चमकतात पण आवाज फाटतो, जास्त झाला तर सगळं झाकोळतं. बायसनंतर १ किलोहर्ट्झला रेकॉर्ड लेव्हल, मग १० किलोहर्ट्झला रेकॉर्ड इक्वलायझर, याच क्रमाने. कॅलिब्रेशन टेप नसेल तर प्ले हेडचा कोन ठरवणाऱ्या अ‍ॅझिमथ स्क्रूला हात लावू नका.

रिबन मायक्रोफोन: इथे वेळ घाला

घरी बनवण्यासारख्या सगळ्या वस्तूंत सर्वात जास्त मोल देणारी वस्तू ही: चुंबकांच्या फटीत टांगलेली धातूची पातळ पट्टी, म्हणजे रिबन, आवाजाने हलते आणि त्या हलण्याचीच वीज होते. टेपवर वरच्या सुरांची टोकं आधी फाटतात, आणि रिबन नेमकी तीच टोकं गोल करून देते. पेटीच्या पत्त्यांचा कर्कशपणा तर तिच्यातून निम्मा होतो.

लागतं काय: ५० × १० × ५ मिमीचे दोन निओडिमियम चुंबक, ध्रुव मोठ्या तोंडांवर असलेले, २.५ मायक्रॉनचा अ‍ॅल्युमिनियम वर्ख, २ मिमी पितळी पट्टी, बेकेलाइटचे तुकडे, २ मिमीचे पितळी स्क्रू, १:३५ चा रिबन ट्रान्सफॉर्मर. स्वयंपाकघरातली फॉइल दहा मायक्रॉनच्या पुढे असते, जड पडते आणि मायक्रोफोन बहिरा होतो. मिठाईवरचा चांदीचा वर्ख उलट इतका पातळ की उचलतानाच विरतो. तेव्हा मायक्रोफोनसाठीच विकला जाणारा वर्ख मागवा, काटकसर इथे करू नका. पितळेचं काम करून देणारे नाशकात शोधावे लागत नाहीत.

चुंबकांची विरुद्ध ध्रुवांची तोंडं समोरासमोर ठेवून मधे ६ मिमी फट ठेवा. ते एकमेकांवर झेपावतात, बोट मधे सापडलं तर रक्त निघतं. आधी बेकेलाइटचे ठोकळे बसवा, मग चुंबक एकेक करून बाजूने सरकवत आणा. ज्या टेबलावर लोखंड कानसलेलं आहे त्यावर हे काम करायचंच नाही. लोखंडी कीस फटीत शिरला की तो केसांसारखा उभा राहतो आणि रिबनला खरवडत राहतो. चिकटपट्टीची गोंदाची बाजू फिरवून फट तीन-चार वेळा साफ करा.

वर्ख दोन ट्रेसिंग पेपरांच्या मधे ठेवून काचेवर, कोऱ्या ब्लेडने, स्टीलच्या पट्टीला धरून ५ मिमी रुंदीचा कापा. पंखा बंद, श्वास बाजूला. लांबी ७० मिमी ठेवा, कारण चुण्या घातल्यावर ती आखडते. चुण्या घालायला जुन्या प्रिंटरमधली दोन सारखी प्लास्टिकची चाकं चालतात. वर्ख कागदासकट त्यांच्या दातांमधून एकदाच, सावकाश फिरवून काढा. मग पितळी पट्ट्यांच्या चिमट्यात दोन्ही टोकं दाबून स्क्रू आवळा. अ‍ॅल्युमिनियमला सोल्डर धरत नाही, त्या भानगडीत पडू नका.

ताण किती, हा खरा प्रश्न. चौकट हळूच कलती केली तर रिबन मधोमध किंचित झोका घेते, पण दोन्ही बाजूंची अर्ध्या मिमीची फट कुठेही बुजत नाही, एवढा. घट्ट झाली तर आवाज नाकातून येतो, सैल झाली तर आठवड्याभरात लोंबून चुंबकाला टेकते. तपासायला फुंकर मारायची नाही. एका फुंकरीत चुण्या सपाट होतात आणि काम पहिल्यापासून.

अशा रिबनचा रोध ०.१ ओहम भरतो. १:३५ च्या ट्रान्सफॉर्मरने तो १,२२५ पट होऊन १२० ओहमच्या आसपास जातो आणि प्रीअँपला (मायक्रोफोनचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या यंत्राला) जुळतो. पण ०.१ ओहमच्या बाजूला प्रत्येक सेमी तार मोजली जाते, म्हणून ट्रान्सफॉर्मर रिबनच्या बुडाशीच बसवा आणि जाड तार वापरा. वरच्या चिमट्यापासून खाली येणारी तार एकच नको. चौकटीच्या डाव्या आणि उजव्या दोन्ही अंगांनी एकेक आणून खाली जोडा. दोन वळशांत शिरलेली ५० हर्ट्झची गुणगुण एकमेकींना खाते. एकाच बाजूने तार आणली तर बाकी सगळं चोख असूनही मायक्रोफोन गुणगुणत राहतो, आणि दोष उगाच प्रीअँपवर जातो.

बाहेरून पितळी जाळी, आत पातळ रेशमी कापड. मायक्रोफोन उभाच ठेवा. फँटम पॉवर (प्रीअँपकडून मायक्रोफोनच्या तारेत येणारी वीज) बंद असल्याची खात्री करून मगच जोडा. रिबन पुढून आणि मागून सारखंच ऐकते, दोन्ही बगलांनी जवळजवळ बहिरी असते. याचा फायदा घ्या: पेटी वाजवत गायचं असेल तर बगल पेटीकडे करा. गाताना ३०–४५ सेमी अंतर, ढोलकीला निदान अर्धा मीटर आणि पुडीसमोर सरळ नाही, तिरका. भात्याची हवा अंगावर येईल अशा जागी तर कधीच नाही.

प्रीअँप, मिक्सर, पत्रा

रिबनला ६० डीबीहून जास्त वाढ लागते. १:१० चा इनपुट ट्रान्सफॉर्मर २० डीबी देतो, पुढे एका ईसीसी ८३ व्हॉल्व्हचे दोन भाग. प्रत्येक भागाला प्लेटवर १०० किलोओहम, कॅथोडवर १.५ किलोओहम आणि त्याला समांतर २५ मायक्रोफॅरड, ग्रिडला १ मेगाओहम. २५० व्होल्टवर एक भाग सुमारे ५५–६० पट, म्हणजे ३५ डीबी वाढ देतो. व्हॉल्यूम दोन भागांच्या मधे. हीटरला डीसी १२.६ व्होल्ट, पिन ४ आणि ५ वर. भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांच्या डब्यात अजून सापडतात. चालू स्थितीत पेन्सिलीने टिचकी मारून बघा, घंटेसारखा वाजला तर तो पहिल्या भागात नको.

२५० व्होल्ट माणूस मारतात. ४७ मायक्रोफॅरडच्या फिल्टर कपॅसिटरवर २२० किलोओहम, २ वॅटचा रेझिस्टर कायमचा लावा. बंद केल्यावर साधारण मिनिटभरात साठा उतरतो. तरी मीटर लावून शून्य बघितल्याशिवाय आत हात घालायचा नाही, आणि घालताना दुसरा हात खिशात.

मिक्सर साधाच ठेवा: प्रत्येक ट्रॅकला एक पॉट (आवाज कमी-जास्त करायची कळ), १० किलोओहमचा रेझिस्टर, आणि डावा-मधला-उजवा असा तीन जागांचा स्विच. चार ट्रॅक एकत्र केल्यावर आवाज १२ डीबी पडतो, तो प्रीअँपने परत उचलायचा.

घुमाऱ्यासाठी, म्हणजे रिव्हर्बसाठी, पत्रा. १९५७ च्या ईएमटी १४० या घुमाऱ्याच्या यंत्रामध्ये एक मीटर बाय दोन मीटर, अर्धा मिमी जाडीचा पोलादी पत्रा टांगलेला असे. सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनवाल्याकडून ०.५ मिमीचा सीआरसीए पत्रा त्याच मापाचा कापून घ्या. वजन आठ किलोच्या आत भरतं, पण चौकट भक्कम हवी, कारण ताण मोठा असतो. कोपऱ्यांना दुसऱ्या पत्र्याचे तुकडे जोडून मग भोकं पाडा, नाहीतर आवळताना कोपरा फाटतो. चार कोपरे आणि बाजूंना टर्नबकल. टिचकी मारल्यावर ‘ढब्’ न येता लांब ‘छ्‌याँ’ येईपर्यंत सगळीकडे सारखं आवळत जा. मध्यापासून थोडा बाजूला पत्रा थरथरवणारा एक्सायटर, दोन कडांजवळ ती थरथर पकडणारे दोन पिएझो. एक्सायटरला जाणाऱ्या आवाजातलं २०० हर्ट्झखालचं सगळं कापा, नाहीतर ढोलकीची धूम पत्र्यात तुंबते. पत्रा गाण्याच्या खोलीत ठेवू नका, तो तुमचा खोकलाही घुमवतो. जिन्याखाली, गोधड्यांच्या आड ठेवा.

वीज आणि खोली

जुन्या वाड्यात अर्थिंग बहुधा नावालाच असतं. मीटरने न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजा. २-३ व्होल्टांच्या वर असेल तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा. सगळी यंत्रं एकाच बोर्डावरून चालवा. गुणगुण जावी म्हणून अर्थची पिन काढून टाकणं हा उपाय नव्हे, आत्मघात आहे. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर रेकॉर्ड करू नका. फॅन रेग्युलेटर आणि स्वस्त एलईडी दिवे खडखड सोडतात. फ्रिज टेकपुरता बंद ठेवायचा असेल तर मोटारसायकलची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे परत सुरू करायचं विसरणार नाही.

खोलीच्या बाबतीत वाड्याची जाड मातीची भिंत आणि लाकडी माळवद नव्या फ्लॅटपेक्षा केव्हाही चांगलं. १० बाय १० फुटांच्या काँक्रीटच्या खोलीत ५६ आणि ११२ हर्ट्झला आवाज फुगतो. गोधड्या फक्त वरचे सूर शोषतात. त्या फुगवट्याला कोपऱ्यांत कापसाच्या गाद्या उभ्या करा, किंवा घनमीटरला ४८ किलो घनतेचे ५० मिमी रॉकवूलचे चार-सहा स्लॅब कापडात शिवून भिंतीपासून चार बोटं पुढे.

गाणं आधी कागदावर

टेपवर ‘अनडू’ नाही. चार ट्रॅकांत नऊ वाद्यं बसवायची तर कुठली कधी कुणात मिसळायची हे रेकॉर्डचं बटण दाबण्याआधी ठरलेलं हवं, आणि ते गाण्याच्या सोयीने ठरत नाही, मशीनच्या खोडीने ठरतं. तीन ट्रॅक चौथ्यावर उतरवले की त्या तिघांची सळसळ आणि चौथ्याची स्वतःची मिळून सळसळ सुमारे ६ डीबी वाढते, वरचे सूर थोडे झिजतात. म्हणून ज्याची झीज चालते ते आधी, ज्याची चालत नाही ते शेवटी. गायकाचा आवाज नेहमी शेवटी, कधीही न उतरवलेल्या ट्रॅकवर.

एक चालणारा आराखडा असा. पहिल्या फेरीत ट्रॅक १ वर पेटी, २ वर ढोलकी, ३ वर बेस गिटार. हे तिन्ही ४ वर उतरवा आणि उतरवतानाच झांज प्रत्यक्ष वाजवा. आता १, २, ३ मोकळे. दुसऱ्या फेरीत १ वर गिटार, २ वर साथीचा आवाज. हे दोन्ही ३ वर, उतरवताना साथीचा दुसरा आवाज प्रत्यक्ष गा. ट्रॅक ४ या वेळी फक्त कानात ऐकायचा, मिश्रणात जाऊ द्यायचा नाही. शेवटी २ वर बासरी किंवा सोलो, १ वर मुख्य आवाज. नऊ गोष्टी झाल्या, आणि सर्वात नाजूक दोन पहिल्या पिढीच्याच राहिल्या.

बेस ३ वर का? उतरवताना शेजारच्या ट्रॅकमध्ये गळती होते आणि वरच्या सुरांत शिट्टी सुरू होते. ४ च्या शेजारी खर्जाचं वाद्य असलं की उतरवताना त्याचे वरचे सूर बिनधास्त कापता येतात, शिट्टी गप्प. दुसऱ्या फेरीत हाच धोका २ कडून ३ ला आहे. तिथेही ट्रेबल थोडा कमी करावा लागतो. जे उतरवायचं आहे ते रेकॉर्ड करतानाच ८–१० किलोहर्ट्झला २-३ डीबी उजळ घ्या. नंतर उजळवलं तर सळसळही उजळते.

पेटीचं सूत्र वेगळं. तिचा सूर तुम्हाला हलवता येत नाही आणि टेपचा वेग रोज केसभर हलतो. म्हणून गाण्यातले पेटीचे सगळे तुकडे एकाच बैठकीत घ्या. दुसऱ्या दिवशी वाजवलेली तीच पेटी टेपमधल्या पेटीशी भांडते. बाकी तंतुवाद्यं रोज टेपवरच्या पेटीला लावायची, ट्यूनरला नाही.

व्हीयू मीटर आळशी असतं. झांजेचा टोला संपल्यावर काटा उठतो, तोवर टेप फाटलेली असते. झांज शून्याच्या १० डीबी खाली, ढोलकी ६ ते ८ खाली, पेटी २ खाली, आवाज ३ खाली ते शून्य, बेस शून्यावर किंवा किंचित वर. हे आकडे कानाला भित्रे वाटतील. पहिल्याच झांजेला खरखर ऐकू आली की पटतील.

प्रत्येक गाण्याआधी दहा सेकंद कोरी टेप, मग लयीत चार टाळ्या, पहिल्या टाळीवर काउंटर शून्य. मधलाच तुकडा बदलायचा असेल तर लक्षात ठेवा: पुसणारं हेड रेकॉर्ड हेडच्या आधी आहे. आत शिरताना जुनं थोडं उरतं, बाहेर पडताना दोन हेडमधली टेप पुसली गेलेली असते पण तिच्यावर काही लिहिलेलं नसतं, आणि तेवढं भोक कायमचं राहतं. १९ च्या वेगाला ते ०.१५–०.२ सेकंदाचं. श्वासाच्या जागी बाहेर पडा, शब्दाच्या मधे नाही.

मिक्स आणि डबा

मिक्स दुसऱ्या दोन ट्रॅकच्या मशीनवर घ्या, त्याच वेळी २४ बिटवर कॉम्प्युटरमध्येही. लोकांपर्यंत ते डिजिटलच जाणार आहे, त्यात लाज कसली. कापाकापी ४५ अंशांत, डीमॅग्नेटाइझ केलेल्या ब्लेडने, स्प्लायसिंग टेपनेच. साध्या सेलोटेपचा गोंद उन्हाळ्यात पाघळतो आणि शेजारचे दोन वेढे चिकटतात.

मास्टर मागे गुंडाळून ठेवू नका. वाजवण्याच्या वेगाने शेवटपर्यंत जाऊ द्या आणि शेपूट बाहेर ठेवूनच डब्यात घाला. एका वेढ्याचा ठसा शेजारच्या वेढ्यावर उमटतोच. टेप अशी ठेवली की तो मुख्यतः गाण्याच्या मागून येतो आणि झाकला जातो. उलट ठेवली तर सुरुवातीच्या शांततेत आलाप आधीच कुजबुजतो. रिळाच्या सुरुवातीला १ किलोहर्ट्झ, १० किलोहर्ट्झ आणि १०० हर्ट्झ असे तीन सूर प्रत्येकी ३० सेकंद भरलेले असावेत. डब्यावर टेपचं नाव, वेग, इक्वलायझरचं मानक एनएबी की आयईसी, ट्रॅकांची वाटणी, तारीख आणि ‘शेपूट बाहेर’ असं बॉलपेनने लिहा. पेन्सिलीचं पुसतं, स्केचपेन पावसाळ्यात फुटतं.